सत्तेचाळिसाव्या वर्षी उमेदवारी

(मंडळाच्या स्नेहमेळाव्यातलं हे भाषण संकेतस्थळासाठी थोडं आवरून घेतलं आहे.)

नमस्कार मंडळी.

पुरणपोळीनंतर भाषण ठेवणारी आपली कार्यकारिणी एक तर फार धाडसी आहे, नाही तर तिचा माझ्यावर राग आहे. मागच्या रांगेतल्यांनी खुशाल डोळे मिटावेत. वेळ आली की मी घंटा वाजवून उठवीन. घंटा वाजवायचं मला रीतसर शिक्षण मिळालेलं आहे. ते कसं मिळालं, तेच सांगायला उभी आहे.

चार वर्षांपूर्वी आई बार्शीहून इकडे ब्रिटनमध्ये आली होती. आलेल्या आईला रोज काय दाखवायचं हा प्रश्न इथे बसलेल्या प्रत्येकाला पडून गेलाय. किल्ला झाला, बागा झाल्या, मॉलमध्ये तिचे गुडघे दुखले. शेवटी आमच्या घरापासून अर्ध्या तासावर एक जुनी लाइन आहे, तिथे वाफेच्या गाडीत बसवायला नेलं. प्लॅटफॉर्मच्या बाकावर आम्ही दोघी. मी फोनमध्ये डोकं घालून बसलेले. आई एकदम म्हणाली, "ऊठ गं, सिग्नल पडला."

मी वर पाहिलं. खांबावरचा आडवा लाल हात खाली झुकला होता. आणि खरंच, थोड्या वेळानं वळणावर धूर दिसला.

"सिग्नल पडला" हे आपण जन्मभर म्हणतो. पडतं काय, हा विचार मी कधी केला नव्हता. पूर्वी आपल्याकडे खूप ठिकाणी सिग्नलचा हात मोकळ्या मार्गाला खाली पडायचा, म्हणून तो पडला. इंग्लंडात पुढे बहुतेक कंपन्यांनी वर उठणारे हात लावले. ग्रेट वेस्टर्न मात्र आपला हेका सोडेना, तिचे हात शेवटपर्यंत खालीच पडत राहिले. आमची लाइन मूळची ग्रेट वेस्टर्नची. त्यामुळे बार्शीच्या बाईची मराठी तिथे तंतोतंत लागू पडली.

शेजारी टोपी घातलेले एक आजोबा उभे होते. आई काय म्हणाली ते त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते इतके खूश झाले की त्यांनी आईला चहा पाजला, आणि माझ्या हातात एक कागद दिला: माणसं हवी आहेत, अनुभवाची गरज नाही.

तोवर मला वाटायचं की हे सगळे पगारी नोकर असणार. नाही हो. ते आजोबा निवृत्त पोस्टमन. तिकीट देणारी बाई दंतवैद्याकडे रिसेप्शनला. ड्रायव्हर शाळेत भूगोल शिकवणारा. ब्रिटनमध्ये अशा जुन्या लाइनींवर वीस हजारांहून जास्त माणसं फुकट राबतात. याची सुरुवात झाली वेल्समधल्या टॅलीलिन रेल्वेवर. पाटीच्या दगडाच्या खाणीसाठी घातलेली ती छोटी लाइन मालक वारल्यावर बंदच पडायची. टॉम रोल्ट या लेखकानं आणि त्याच्या मित्रांनी बर्मिंगहॅमला सभा घेतली, आणि मे १९५१ मध्ये स्वयंसेवकांनी तिच्यावर गाडी चालवून दाखवली. जगात असं पहिल्यांदाच झालं. मग १९६३ मध्ये ब्रिटिश रेल्वेचे प्रमुख बीचिंगसाहेब यांचा अहवाल आला, हजारो मैल लोहमार्ग आणि दोन हजारांवर स्टेशनं बंद करा म्हणणारा. आज आपण मुलांना घेऊन ज्या लाइनींवर जातो, त्यातल्या बऱ्याच त्या काळात बंद पडलेल्या आणि गावच्या माणसांनी पुन्हा उभ्या केलेल्या आहेत. सेव्हर्न व्हॅली त्यातलीच. तिथली पहिली प्रवासी गाडी १९७० मध्ये सुटली.

आणि इंजिनं? वेल्समध्ये बॅरी म्हणून बंदर आहे. तिथल्या डाय वुडहम या भंगारवाल्यानं ब्रिटिश रेल्वेची मोडीत काढलेली जवळपास तीनशे इंजिनं विकत घेतली. पण त्यानं आधी डबे आणि वाघिणी तोडायला घेतल्या, इंजिनं उद्यावर टाकली. ती समुद्राच्या वाऱ्यात वर्षानुवर्षं गंजत उभी राहिली, आणि लोक वर्गणी काढून एकेक सोडवून नेत राहिले. अशी २१३ वाचली. कामं उद्यावर टाकण्याची सवय ज्यांना आहे त्यांनी घरी हे उदाहरण जरूर वापरावं.

तर मी फॉर्म भरला. "काय करायला आवडेल?" या रकान्यात सगळ्यांसारखंच मीही "इंजिन" लिहिलं. पहिल्या दिवशी मला इंजिन दिलं. सोबत चिंध्यांची पिशवी दिली.

म्हणजे त्याआधी अर्धा दिवस सुरक्षेचा वर्ग झाला. रुळावर पाय ठेवायचा नाही, ओलांडूनच जायचं, कारण ओला रूळ साबणासारखा असतो. ओलांडताना सरळ काटकोनात, दोन्हीकडे बघून. दोन डब्यांमध्ये कधीही शिरायचं नाही, अगदी जोडणी करायची असली तरी आधी ड्रायव्हरशी बोलणं होऊन त्यानं हो म्हटल्याशिवाय नाही. कपडे सुती, कारण ठिणगी पडली तर नायलॉन वितळून कातडीला चिकटतं. बूट पोलादी टोकाचे. हे सगळं आपण पाठ करतो, कागदावर सही करतो, आणि मग कामाला लागतो.

मला शिकवायला होती एकोणीस वर्षांची पोरगी. माझ्या लेकीपेक्षा दोन वर्षांनी मोठी. मी हॉस्पिटलात वीस वर्षं फार्मसिस्ट, हाताखाली सहा माणसं, आणि इथे ही मला सांगतेय की चिंधी अशी धरायची नाही. तेलात थोडं रॉकेल घालून चिंधी भिजवायची आणि वरून खाली पुसत यायचं. खालून वर गेलात तर केलेल्या कामावर काळे ओघळ. मी अर्थातच खालून सुरुवात केली होती. तिनं काही न बोलता दुसरी चिंधी पुढे केली. तो रॉकेलचा वास आला आणि मी थेट आजीच्या स्टोव्हपाशी जाऊन पोचले. आजी तेव्हा आषाढीला बार्शी लाइटनं पंढरपूरला जायची, त्या गाडीचाही वास साधारण तसाच.

आपल्याकडे उमेदवारी हा शब्द आता निवडणुकीपुरता उरलाय. माझ्या आजोबांच्या तोंडी तो वेगळा होता. अमक्या शिंप्याकडे दोन वर्षं उमेदवारी केली, असं ते म्हणत. म्हणजे आधी काजं करा, गुंड्या लावा, कात्रीला नंतर हात. या लाइनीवर अजून तसंच चालतं. आधी क्लीनर, मग फायरमन, मग ड्रायव्हर, प्रत्येक पायरीवर परीक्षा. वरपर्यंत जायला दहा वर्षं लागली तरी कुणाला नवल वाटत नाही. मी गेले तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होते. आपल्या मंडळातले लोक मला विचारतात, "चालवायला देतात का?" देतात की. पण तुम्ही हाच प्रश्न पहिला विचारलात, तर तिथली माणसं गालात हसतात.

आठ महिने मी पुसलं, घासलं, धूरपेटीतली राख फावड्यानं उपसली. पहाटे चारला आग पेटवताना पाहिलं. आधी लाकडं, तेलकट चिंध्या, मग थोडा थोडा कोळसा, आणि मग तासन् तास वाट पाहणं. थंड बॉयलरला घाई केली तर त्याचे भाग कमीजास्त फुगतात आणि सांधे गळायला लागतात. कुकरची शिट्टी व्हायला वेळ लागतो म्हणून चिडणाऱ्यांनी एकदा हे बघावं. आमच्या घरी मात्र वेगळीच चिडचिड सुरू होती. माझे कपडे आमच्या वॉशिंग मशिनमध्ये टाकायचे नाहीत असा ठराव दोन विरुद्ध एक मतांनी मंजूर झाला.

आठ महिन्यांनी माझ्या कमरेनं राजीनामा दिला. मला वाटलं, संपलं. पण तिथे फलाटावर झाडं लावायला माणूस लागतो, तिकिटं द्यायला, हिशेब ठेवायला, जुन्या डब्यांच्या गाद्या शिवायला, खडी भरायला, उपाहारगृहात केक कापायला लागतो. आपल्यातल्या कितीतरी जणांना यातलं एखादं काम आजही येतं. मी त्या पोस्टमन आजोबांकडे गेले. ते सिग्नलमन होते.

सिग्नलची केबिन मला पहिल्याच दिवशी ओळखीची वाटली, कारण तिथे रजिस्टर आहे. प्रत्येक घंटा, प्रत्येक गाडी, वेळेसकट नोंदवायची. समोर खटक्यांची रांग: सिग्नलचे लाल, दूरच्या सिग्नलचे पिवळे, सांध्यांचे, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवतात त्या जोडांचे, काळे, सांध्यांच्या कुलपांचे निळे, बिनकामाचे पांढरे. खटका उघड्या हातानं धरायचा नाही, फडकं घेऊन धरायचा, घामानं चकाकतं पोलाद गंजतं. आणि खाली असं यंत्र आहे की सांधा चुकीचा असेल तर सिग्नलचा खटका हलतच नाही. ओढा किती ओढायचं ते. दूरचा सिग्नल ओढताना मात्र काही अडलेलं नसतानाही जोर लागतो, कारण तार लांबलचक. दंडाचा जोर लावला की फसलात. एक पाय पुढे रोवून अंग मागे झोकायचं, रहाटाचा दोर ओढतो तसं.

शेजारच्या केबिनशी बोलणं घंटेवर. एक टोला म्हणजे लक्ष द्या. तीन, थांबून एक, म्हणजे साधी प्रवासी गाडी, पाठवू का? पलीकडच्यानं तेच ठोके परत वाजवले म्हणजे पाठव. दोन टोले, गाडी निघाली. दोन, थांबून एक, गाडी पोचली, मार्ग मोकळा.

या शेवटच्या घंटेवर मी चुकले. म्हणजे चुकणार होते. पावसाळी दुपार, गाडी खिडकीखालून गेली, फलाटाला लागली, माझा हात घंटेच्या बटणावर. आजोबांनी माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवली. "दिवा पाहिलास?" शेवटच्या डब्याच्या पाठीवर एक लाल दिवा असतो. तो डोळ्यांनी पाहिल्याशिवाय गाडी पोचली असं म्हणायचं नाही. मधे एखादा डबा सुटून मागेच राहिला असेल, तर इंजिन पाहून तुम्हाला ते कळणार नाही. मी खिडकीतून वाकून पाहिलं. दिवा होता. मग घंटा दिली. आता मी फार्मसीतही शेवटची बाटली हातात घेऊन पाहिल्याशिवाय सही करत नाही, आणि माझी माणसं माझ्या मागे डोळे फिरवतात.

हे नियम कुणाच्या डोक्यातून उगाच आलेले नाहीत. १८७४ मध्ये नॉर्विचजवळ थॉर्प इथे एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर आदळल्या, २५ माणसं गेली. कारण, तारेच्या निरोपातला गोंधळ. त्यानंतर एडवर्ड टायरनं असं विजेचं यंत्र काढलं, की एका टापूसाठी एका वेळी एकच टोकन बाहेर पडेल. ड्रायव्हरच्या हातात टोकन नाही तर गाडी नाही. आपल्याकडे एकेरी मार्गावर हे टोकन म्हणजे लोखंडी गोळा असायचा, कड्याच्या पिशवीतला, ड्रायव्हर चालत्या गाडीतून तो झेलायचा. आमच्यातल्या वयस्कांनी पाहिला असेल. इथे टोकन मी हातानं देते. पहिल्यांदा दिलं तेव्हा फायरमन म्हणून हात पुढे आला तो त्याच चिंधीवाल्या पोरीचा.

बार्शीचा विषय निघालाच आहे तर एक सांगते, मग बसते. बार्शी लाइट १८९७ ला सुरू झाली, अडीच फुटी रुळांवर. ती घालणारा एव्हरार्ड कॅल्थ्रॉप. त्याच माणसानं पुढे इथे स्टॅफर्डशरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड लाइन घातली, १९०४ ला सुरू झाली. रूळ त्याच मापाचे, आणि इंजिनांच्या कपाळाला आपल्याकडच्यासारखे मोठाले दिवे. बार्शीत शिकलेलं त्यानं इंग्लंडात आणून वापरलं, हे मला त्या केबिनमधल्या एका जुन्या मासिकात कळलं. ती लाइन १९३४ मध्ये बंद पडली, आता तिच्यावर पायवाट आहे. मी आणि आई तिथे चालून आलो. त्या मापाच्या रुळांवर चालती गाडी पाहायची असेल तर वेल्समधली वेल्शपूल आणि लानव्हायर आहे, तीही स्वयंसेवकांचीच. आणि माथेरानकरांनी हिरमुसू नये. तुमच्या १९०७ च्या जर्मन इंजिनांपैकी ७४० नंबरचं एक इकडे बेडफर्डशरमध्ये लेटन बझर्डला येऊन राहिलंय.

कामाचं बोलते. बहुतेक ठिकाणी वय सोळा पूर्ण लागतं. गाडीच्या कामाला आणि सिग्नलला डॉक्टरी तपासणी असते, रंग नीट ओळखता यावे लागतात. महिन्यातून दोन दिवस देता आले तर उत्तम. त्याहून कमी असेल तर आधी सांगा, पण एकदा नाव लावलंत की या. न येणाऱ्यामुळे गाडी रद्द होते, आणि फलाटावर एखादी आई बसलेली असते. इंग्रजीची भीती नको. रेल्वेवाल्यांची भाषा तिथे आलेल्या प्रत्येकाला नवीनच असते, इंग्रजांनासुद्धा.

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मी ड्यूटीवर आहे. ज्यांना बघायला यायचंय त्यांनी चहाच्या टेबलापाशी नावं द्या, फॉर्म माझ्या पिशवीत आहेत. डबा आणलात तर केबिनमधल्या आजोबांसाठी दोन थालीपीठं जास्त आणा, त्यांना चटक लागलीय. आणि लाल काही घालून येऊ नका, स्वेटर नको, ओढणी नको. रुळांजवळ लाल काही हललं की ड्रायव्हर गाडी थांबवतो.