घडणावळीचे पैसे

जळगावच्या सराफ बाजारात दागिना हातात घेतल्यावर गिऱ्हाईक आधी सोन्याचा भाव विचारते आणि मग घडणावळ विचारते. भाव निमूटपणे मान्य होतो, घासाघीस होते ती घडणावळीवर. भुसावळच्या रेल्वे वसाहतीत राहणारा आणि गेली पाच वर्षे कारखान्यात बनलेल्या साध्या गिटारीवर फ्लामेंको, म्हणजे दक्षिण स्पेनचे गाणे-नाचाचे संगीत, शिकणारा एक तरुण हाताने घडवलेली पहिली गिटार घ्यायला निघाला, तेव्हा त्याला हा हिशेब नेमका उलटा मांडावा लागला. गिटारीत लाकडाची किंमत त्या मानाने थोडी असते आणि खरे मोल घडणावळीचे असते. जवळ १ लाख रुपये असलेल्या माणसाने हे आधी समजून घेतले नाही, तर त्याचे पैसे शोभेवर जातात.

आजच्या स्पॅनिश गिटारीचा आकार ठरवला तो आंतोनियो दे तोरेस या कारागिराने. १८१७ मध्ये दक्षिण स्पेनमधल्या आल्मेरियाजवळ जन्मलेला तोरेस मुळात सुतारकाम शिकलेला होता. तारेची ६५० मिलिमीटर लांबी आणि वरच्या फळीच्या आतून पंख्याच्या काड्यांसारख्या पसरत जाणाऱ्या पट्ट्या यांचा त्याने बसवलेला मेळ आजही बहुतेक कारागीर पाळतात. १८६२ मध्ये त्याने एक गिटार अशी बनवली की तिची पाठ आणि कडा चक्क पुठ्ठ्याच्या होत्या, फक्त वरची फळी लाकडाची होती. सतारीला जी तबली, तीच गिटारीला ही फळी, आणि आवाज मुख्यतः तिथेच जन्मतो हे त्याला दाखवायचे होते. कमी पैशात गिटार घेणाऱ्याला याहून उपयोगी पुरावा मिळणे कठीण आहे. ही फळी स्प्रूस लाकडाची आणि सलग हवी, प्लायवुडची नको. आवाजाच्या गोल छिद्राच्या कडेवर बोट फिरवून नीट पाहिले, तर लाकडाच्या रेषा वरून खालपर्यंत अखंड उतरतात की मध्येच थर दिसतात, हे उघड्या डोळ्यांना कळते.

पाठ आणि कडा यांच्या बाबतीत फ्लामेंकोची परंपरा काटकसरी माणसाच्या बाजूने उभी आहे. दक्षिण स्पेनमधल्या जुन्या अंदालुसियात परदेशातून येणारे महाग लाकूड परवडत नसे, म्हणून भूमध्य प्रदेशातच वाढणारा सायप्रस, म्हणजे आपण ज्याला सरू म्हणतो तो वृक्ष, वापरात आला. पिवळसर रंगाच्या या गिटारीला ‘ब्लांका’ म्हणतात. ती हलकी असते, बहुधा दीड किलोच्या आतच भरते, आणि तिचा आवाज झटकन उठून झटकन विरतो, त्यामुळे नर्तकीच्या टाचांच्या आघातांत प्रत्येक सूर वेगळा ऐकू येतो. शिसवीच्या पाठीची ‘नेग्रा’ अधिक खोल आणि लांबणारा आवाज देते. प्रसिद्ध फ्लामेंको गिटारवादक पाको दे लुसिया यांच्या काळात गिटार साथीपुरती न राहता मैफलीच्या मध्यभागी आली आणि नेग्राची मागणीही वाढली. गंमत अशी, की नेग्रासाठी वापरले जाणारे शिसव पुष्कळदा भारतातूनच जाते आणि वाढीव किमतीला आपल्याकडे परत येते. पहिल्या गिटारीसाठी हा फेरा टाळावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

‘हाताने घडवलेली’ हे शब्दही तपासून घ्यावे लागतात, कारण आतल्या चिठ्ठीवर एका कारागिराचे नाव असते आणि काम पुष्कळदा दुसऱ्याच कार्यशाळेत झालेले असते. त्यात फसवणूकच असते असे नाही. मात्र विकणाऱ्याला हे सरळ विचारावे आणि उत्तर टाळले गेले, तर किंमत त्याप्रमाणे धरावी. या तरुणाने पाहणीसाठी सोबत एक लहान बॅटरी, दातांचे डॉक्टर वापरतात तसला आरसा आणि मिलिमीटरची पट्टी नेली होती. आरशातून आतल्या पट्ट्या पाहिल्या की डिंकाचे ओघळ आणि सुटलेले सांधे लपत नाहीत. बाराव्या फ्रेटवर, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या बाराव्या आडव्या पट्टीवर, सर्वांत जाड तारेची उंची शास्त्रीय गिटारीत साधारण ४ मिलिमीटर असते, फ्लामेंकोत ती ३ मिलिमीटरच्या आसपास हवी. घोडीपाशीही तारा फळीपासून साधारण ८ मिलिमीटरच उंच असतात, कारण उजव्या हाताला तारा छेडता छेडता फळीवर बोटांनी ठोका द्यायचा असतो. तो ठोका झेलण्यासाठी फळीवर पातळ पारदर्शक पत्रा चिकटवलेला असतो. तो नसेल, तर ती गिटार फ्लामेंकोची नव्हे, असे समजायला हरकत नाही. दांडीत लोखंडी सळई बहुधा नसते, म्हणून वाकलेली दांडी नंतर सहज सरळ होत नाही. घोडीवरची हाडाची पट्टी आधीच तळाला टेकलेली असेल आणि तरीही तारा उंच असतील, तर ती गिटार कितीही स्वस्त असली तरी सोडून द्यावी. जोरात वाजवताना येणारी किंचित झणझण या संगीतात चालते, हलक्या हाताने वाजवतानाही ती आली तर मात्र दोष आहे.

जुन्या पद्धतीच्या लाकडी खुंट्या दिसायला देखण्या असतात. पण मिरजेच्या सतारीची खुंटी ज्याने भर पावसाळ्यात पिळली असेल, तो पहिल्या गिटारीला दातेरी चाकांच्या खुंट्याच घेईल.

खानदेशात मात्र सर्वांत कठोर परीक्षक असते ती हवा. अशा गिटारी साधारण ४५ ते ५० टक्के आर्द्रतेत जोडलेल्या असतात. एप्रिल-मे महिन्यांत भुसावळची दुपार ४५ अंशांवर जाते आणि आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरते. तेव्हा फळीचे लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने आकसते, पण आतल्या पट्ट्यांना चिकटलेले असल्यामुळे त्याला आकसायला जागा मिळत नाही आणि ते तडकते. जुलैत मुंबईच्या ओलसर हवेत पाहिलेली आणि तिथे उत्तम वाटलेली गिटार पुढच्या उन्हाळ्यात इथे वेगळीच होऊन बसते. फळी खाली बसते, तारा फ्रेटला टेकतात आणि फ्रेटची टोके कडेबाहेर येऊन बोटांना लागतात. म्हणून त्याने खरेदी पावसाळा सरल्यावर, नोव्हेंबरपर्यंत लांबवली, कारण त्या दिवसांत हवा मधली असते आणि गिटार आपल्या खऱ्या रूपात दिसते. कूलरच्या खोलीत गिटार भिंतीला टांगणे आणखी घातक असते, कारण कूलर चालू असताना हवा दमट होते, बंद झाला की कोरडी, आणि लाकूड दिवसातून दोनदा फुगते-आकसते. उन्हात उभ्या मोटारीत तर ती क्षणभरही ठेवू नये. तिथल्या उष्णतेने सांध्यांचा सरस मऊ पडतो.

शेवटी त्याच्यासमोर दोन गिटारी होत्या. एक नवी, शिसवीची, छिद्राभोवती नाजूक नक्षी असलेली आणि चकचकीत होती. दुसरी वापरलेली ब्लांका होती, तिच्या पत्र्यावर आधीच्या वादकाच्या नखांचे ओरखडे होते आणि पाठीवर एक जुनी चीर होती. ती चीर आतून लाकडाचे छोटे तुकडे लावून नीट सांधलेली होती, आणि अशी सांधलेली चीर आवाजाला बाधत नाही, किंमत मात्र उतरवते. दुसरी गिटार ७८ हजारांत मिळाली. उरलेल्या पैशांत टणक पेटी, तारांचे जादा संच, फ्रेट घासून घेण्याची मजुरी आणि आर्द्रता मोजणारी दोन छोटी यंत्रे बसली. तिच्यावर चपड्याचे पातळ, अल्कोहोलने विरघळणारे पॉलिश आहे, त्यामुळे हातांना सॅनिटायझर लावून ती उचलायची नाही, एवढा नियम त्याने घरच्यांनाही घालून दिला आहे.

आता मे महिना आहे. भोके पाडलेल्या साबणदाणीत ओला स्पंज ठेवून ती पेटीत, दांडीच्या टोकाशी बसवलेली आहे. बाहेरच्या यंत्रावर १९ टक्के आहेत, पेटीतल्या यंत्रावर ४६. स्पंज सुकत आला आहे, म्हणून तो माठातले पाणी घेऊन येतो, स्पंज भिजवून घट्ट पिळतो, साबणदाणी जागेवर ठेवतो आणि मगच गिटार बाहेर काढतो.