इशाऱ्यावरची तारीख

मंडळी, सरकारनं 'जाऊ नका' म्हटलं की आपण सीमाभागातली माणसं पहिल्यांदा विचारतो, आजच का? डिसेंबर २०२२ आठवा. महाराष्ट्राचे दोन मंत्री बेळगावला येणार होते. कायदा-सुव्यवस्थेचं कारण दाखवून त्यांना जिल्ह्यात प्रवेशबंदी झाली. हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर ट्रकांवर दगड पडले, एसटी थांबली. दवाखान्यासाठी मिरज-कोल्हापूर गाठणाऱ्यांचा त्यात काय दोष होता?

परदेशाबद्दलच्या इशाऱ्यांनाही हाच प्रश्न विचारा. १८ सप्टेंबर २०२३ ला कॅनडाच्या पंतप्रधानांनी तिथल्या खलिस्तानवादी निज्जरच्या हत्येवरून संसदेत भारताकडे बोट दाखवलं. २० तारखेला आपल्या परराष्ट्र मंत्रालयानं कॅनडातल्या भारतीयांना जपून राहायला सांगितलं, आणि तिथल्या गुन्ह्यांना राजकीय आशीर्वाद आहे असंही त्यातच लिहिलं. दुसऱ्या दिवशी कॅनडियनांचे व्हिसा बंद. तिथे धोका नव्हता असं मी म्हणत नाही. पण मुलांना दिलेल्या सूचनेत दुसऱ्या सरकारवरचा आरोप कशाला?

चीन तर हे उघड करतो. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियानं कोरोनाच्या उगमाची चौकशी मागितली, आणि जूनमध्ये चिनी पर्यटकांना तिथल्या वर्णद्वेषाचा इशारा मिळाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये जपानच्या पंतप्रधान तैवानबद्दल बोलल्या, आठवड्याभरात 'जपानला जाऊ नका'. फटका बसला तो तिथल्या हॉटेलवाल्यांना, दुकानदारांना.

आपणही हे सोसलंय. मे २००२ च्या अखेरीला अमेरिकेनं आपल्या नागरिकांना भारत सोडायला सांगितलं. भारत-पाकिस्तानची सैन्यं सीमेवर समोरासमोर होती, भीती खोटी नव्हतीच. तरी बेंगळुरूच्या आयटी कंपन्यांची परदेशी गिऱ्हाइकं यायची थांबली आणि दिल्लीवरचं दडपण वाढलं.

म्हणून प्रत्येक इशारा केराच्या टोपलीत टाकायचा का? मुळीच नाही. उलटं झालं की काय होतं ते डिसेंबर १९८८ मध्ये दिसलं. पॅन ॲम या अमेरिकी कंपनीच्या विमानात बॉम्ब ठेवला जाणार असल्याची खबर मॉस्कोतल्या अमेरिकी दूतावासानं आपल्या फलकावर लावली होती. सामान्य प्रवाशांना कुणी काही सांगितलं नाही. २१ तारखेला स्कॉटलंडमधल्या लॉकरबीवर विमान फुटलं, २७० माणसं गेली. ती खबर खोडसाळ होती असं पुढे तपासात ठरलं. पण लोकांचा सवाल रास्तच होता: तुमच्या माणसांना एक आणि आम्हाला दुसरं? त्यानंतर अमेरिकेनं नियम केला की कर्मचाऱ्यांना जो धोका कळवाल तो जनतेलाही कळवा.

माझी कसोटी तिथूनच आली. इशारा देणाऱ्या सरकारनं स्वतःच्या दूतावासातली माणसं, त्यांची बायकामुलं परत बोलावली का? कुठलं शहर, कसला धोका, ते सांगितलं का? की सगळ्या देशावरच फुली मारली?

खानापूर, निपाणीकडची ज्यांची मुलं कॅनडात आहेत त्यांना एवढंच सांगतो. २०२३ च्या त्या सूचनेत भारतीय उच्चायुक्तालयात किंवा परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर नाव नोंदवा अशीही एक ओळ होती. ती मात्र आज रात्रीच मुलांना फोन करून पाळायला लावा.