जंतू कुठून आला, त्याच्या डीएनएत सापडतं

टीबीचा जंतू फार सावकाश वाढतो. थुंकीचा नमुना लॅबमध्ये कल्चरला लावला की वाढ दिसायला दोन ते आठ आठवडे जाऊ शकतात, मग कुठलं औषध लागू पडेल हे बघायला अजून काही आठवडे, आणि तोवर पेशंट अंदाजाने दिलेल्या गोळ्या घेत असतो. त्या लागू पडत नसतील तर तो खंगत जातो आणि घरातल्यांनाही लागण होत राहते. हा मधला काळ सगळ्यात वाईट, आणि माझ्या मते जनुकीय टेस्टचं सगळ्यात मोठं काम इथेच झालंय.

डिसेंबर २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जीनएक्सपर्ट टेस्टला मान्यता दिली. थुंकी पातळ करून एका कार्ट्रिजमध्ये ओतायची, कार्ट्रिज मशीनमध्ये ठेवायची, बाकी सगळं आत होतं. आत पीसीआर चालतं, म्हणजे डीएनएचा ठरावीक तुकडा गरम-थंड करत दुप्पट, चौपट, असा कोट्यवधी पटीत वाढवला जातो. तो तुकडा आरपीओबी जनुकातला, जेमतेम ८१ अक्षरांचा (अक्षर म्हणजे डीएनएच्या साखळीतला एक रासायनिक घटक). एवढाच का, तर रिफाम्पिसिन या टीबीवरच्या मुख्य औषधाला दाद न देणाऱ्या टीबीत बदल बहुतेक वेळा तिथेच झालेला असतो. साधारण दोन तासांत कळतं, टीबी आहे का आणि रिफाम्पिसिन चालेल का.

एक लक्षात ठेवा, डीएनए मेलेल्या जंतूचाही सापडतो. त्यामुळे उपचार सुरू झाल्यावर पेशंट बरा होतोय का हे या टेस्टवरून ठरवत नाहीत, त्याला स्मिअर (थुंकी काचेवर पसरून मायक्रोस्कोपखाली बघणं) आणि कल्चरच लागतं.

आता माग काढण्याकडे येऊ. जंतूची एकाची दोन होताना डीएनएची नक्कल होते आणि क्वचित एखादं अक्षर चुकतं. ती चूक पुढच्या सगळ्या पिढ्यांत तशीच राहते. टीबीच्या जीनोममध्ये, म्हणजे जंतूच्या सगळ्या डीएनएत, ४४ लाख अक्षरं, आणि वर्षाला सरासरी अर्धा बदल, म्हणजे दोन वर्षांत एखादा. म्हणून दोन पेशंटच्या जंतूंत पाच किंवा कमीच फरक निघाले तर लागण अलीकडची, एकाच साखळीतली असण्याची शक्यता मोठी, आणि बाराच्या वर गेले तर तो संशय जवळजवळ सोडून द्यायचा.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण अमेरिकेतलं, बेथेस्डाच्या एनआयएच क्लिनिकल सेंटरचं, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या हॉस्पिटलचं. जून २०११ मध्ये तिथे क्लेब्सिएला न्यूमोनिए असलेली पेशंट दाखल झाली, जवळजवळ कुठल्याच अँटिबायोटिकला न जुमानणारा जंतू. तिला वेगळं ठेवलं, काळजी घेतली, जुलैत ती घरी गेली. सगळ्यांना वाटलं सुटलो. तीन आठवड्यांनी दुसऱ्या पेशंटमध्ये तोच जंतू सापडला, मग तिसरा, चौथा... एकूण १८ जणांपर्यंत गेला. ११ दगावले, त्यातले ६ मृत्यू या संसर्गामुळे.

मधे तीन आठवडे गेले होते, मग हा बाहेरून नव्याने आलेला जंतू की तोच? जीनोम अक्षर-अक्षर जुळवल्यावर उत्तर आलं, तोच. आणि पहिल्या पेशंटकडून तो एकदा नाही, तीन वेगवेगळ्या वेळी पसरला होता. पेशंट ज्या क्रमाने पॉझिटिव्ह आले त्या क्रमाने लागण झालीच नव्हती, काहीजण लक्षणं नसताना जंतू बाळगून होते. साफ केलेल्या एका व्हेंटिलेटरवरसुद्धा तो सापडला. लक्षणं नसलेल्या पेशंटचेही स्वॅब का घ्यायचे, याचं इतकं ठोस कारण नुसत्या केसपेपरवरून कधीच मिळालं नसतं.

आज हातात मावेल एवढा सिक्वेन्सर (डीएनए वाचणारं यंत्र) लॅपटॉपला जोडून काही तासांत जीनोम वाचता येतो. पण त्याआधी जंतू बहुतेक वेळा कल्चरमध्ये वाढवावाच लागतो. थेट थुंकीतून किंवा रक्तातून पूर्ण जीनोम काढणं अजून अवघड आहे, कारण नमुन्यात जंतूपेक्षा माणसाचाच डीएनए कितीतरी जास्त असतो, आणि सध्या बरीच मेहनत चाललीये ती हा माणसाचा डीएनए आधीच बाजूला काढण्यावर.