मूर्तींवरचा अनुस्वार

(काळा पडदा. पेन्सिल घासल्याचा आवाज. हळूहळू उजेड.)

हा आवाज पेन्सिलीचा, ट्रेसिंग पेपरवरचा. हात आहेत एका अक्षरकार मुलीचे. पुण्यात राहते, टाइप डिझाइन करते, म्हणजे आपण मोबाइलवर, कॉम्प्युटरवर जे मराठी वाचतो त्या अक्षरांचे साचे बनवते. शूटिंगच्या पहिल्याच दिवशी तिने सांगितलं, हात घ्या, कागद घ्या, स्क्रीन घ्या, चेहरा नको आणि नाव तर अजिबातच नको. म्हणून पूर्ण फिल्मभर तुम्हाला हातच दिसणार आहेत.

आत्ता ती "ळ" काढतेय. नीट बघा, सकाळपासून तिसऱ्यांदा काढतेय. ळ च्या दोन वाट्यांच्या पोटात किती मोकळी जागा ठेवायची, सगळं त्याच्यावर आहे, कागदावर एवढा मोठा काढला की छानच दिसतो पण तोच मोबाइलवर बारीक झाला की पोटं भरून येतात आणि ळ च्या जागी काळी गुठळी उरते. बाळ, आभाळ, सकाळ, सगळीकडे गुठळी. आता कागद उलटा केला बघा. उलटं अक्षर आपण वाचत नाही ना, मग डोळा फक्त आकार बघतो, कुठे जाड झालंय, कुठे कमी पडलंय ते लगेच कळतं.

आणि हा ळ नवीन नाहीये. तीन वर्षांपूर्वी तिने एक आख्खा देवनागरी फॉन्ट बनवून इंटरनेटवर सगळ्यांसाठी फुकट टाकला, त्यातलाच आहे. लोक वापरतायत, आणि ती अजून तो दुरुस्त करतेय.

(स्क्रीन. "मूर्तींना" हा शब्द मोठा मोठा होत जातो.)

आमची तिची ओळख ह्या शब्दामुळे झाली. पेणच्या गणपतींवर आम्ही एक छोटी फिल्म केली होती, पाट्या आणि सबटायटल सगळं तिच्याच फॉन्टमध्ये, आणि एका प्रेक्षकाने स्क्रीनशॉट पाठवला, लाल गोल करून. गोलात "मूर्तींना" होतं. र्तीं च्या डोक्यावर काय काय आलंय मोजा. दीर्घ वेलांटी, तिच्यावर रफार, आणि वर अनुस्वार. तीन पाहुणे, बसायला पाट एकच. आमच्या फिल्ममध्ये अनुस्वार थेट रफाराच्या आकड्यावर जाऊन बसला होता, दोन्ही मिळून शाईचा डाग पडल्यासारखं दिसत होतं. आम्ही तो फोटो तिला पाठवला. रात्री साडेअकराला उत्तर आलं, चूक माझी आहे, बघते.

आता ही चूक कशी झाली ते तिच्याच स्क्रीनवर बघू, कारण इथे खरी गंमत आहे. देवनागरी फॉन्टमध्ये फक्त अ ते ज्ञ काढून भागत नाही. जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, वेगवेगळ्या रुंदीच्या वेलांट्या (क ला लागणारी ऱ्हस्व वेलांटी आणि ण ला लागणारी, दोन्हींची कमान वेगळी लागते), उकार, सगळं धरून तिच्या फाइलमध्ये सातशेच्या वर आकृत्या आहेत. एकेका आकृतीला ग्लिफ म्हणतात. डोक्यावर गर्दी होते तिथे डिझायनर एकत्र ग्लिफ बनवतात, वेलांटी आणि रफार एकत्र, वेलांटी आणि अनुस्वार एकत्र. तिने हे दोन्ही बनवले होते. वेलांटी, रफार, अनुस्वार तिन्ही एकत्र, हा राहिला. एक चौकोन रिकामा राहिला फाइलमध्ये. आणि मग मूर्तींना, कीर्तींचा, अटी व शर्तींसह, जिथे जिथे हे तिघं भेटले तिथे तिथे डाग.

हे बघा, आता तो चौकोन भरतोय. रफार थोडा डावीकडे सरकवला. अनुस्वाराला उजवीकडे जागा केली. त्या टिंबाचा व्यास किंचित कमी केला, मग परत वाढवला, कारण लहान केला तर मोबाइलवर गायबच होतो. एका टिंबासाठी पूर्ण दुपार. आमच्याकडे ही दुपार आख्खी शूट झालेली आहे, तुम्हाला चाळीस सेकंद दाखवतोय.

(जुनी छापील पानं. बोटं पानावरून फिरतात.)

हे तिच्या आजोबांकडचं पुस्तक, निर्णयसागर छापखान्याचं. मुंबईत जावजी दादाजींनी १८६९ साली हा छापखाना काढला, आणि त्याच्या टायपांसाठी राणोजी रावजी आरूंचे हात होते. तेव्हा अक्षर पोलादाच्या टोकावर उलटं कोरायचे, मग ते तांब्यात ठोकून साचा करायचे, मग साच्यात शिसं ओतायचं, की खिळा तयार, म्हणजे छपाईचं एक सुटं अक्षर. ज्यांनी कुणी खिळे जुळवलेत त्यांना विचारा, एखाद्या अक्षराचा आकार चुकला तर पोलाद परत कोरायचं, साचा परत ठोकायचा, आणि तोपर्यंत पाडलेले खिळे गावोगावच्या छापखान्यांच्या केसमध्ये, म्हणजे खिळे ठेवायच्या खणांमध्ये, पडलेले, ते कोण परत मागवणार. म्हणून ती माणसं कोरण्याआधी महिनोन्महिने कागदावर बसायची. हे पान बघा ना, दीडशे वर्षांच्या आसपासचं काम आहे आणि आजही डोळ्याला गार वाटतं.

पण त्यामुळे आपल्याकडे एक समज पक्का झाला, छापलं म्हणजे संपलं, आता हात लावायचा नाही, आणि हात लावला तर आधीचं चुकलं होतं अशी जाहीर कबुली. मला हे मनापासून खटकतं. गवई तोच राग चाळीस वर्षं गातो आणि दर मैफिलीत थोडा अजून उलगडतो, त्याला कुणी म्हणत नाही की मागच्या वर्षी चुकला होतात का. मग अक्षर काढणाऱ्यालाच का म्हणायचं?

आणि हे तिचं एकटीचं खूळ नाहीये. मुंबईचा "एक टाइप" नावाचा फॉन्ट बनवणारा गट घ्या. त्यांचा "एक मुक्ता" फॉन्ट आधी आला, पुढे तो नुसता "मुक्ता" झाला, गुजराती, तमिळ, गुरुमुखी भावंडंही आली. त्यांचाच "बलू", तो गुबगुबीत, तुम्ही शंभर ठिकाणी बघितलाय, दुकानांच्या पाट्यांवर, मुलांच्या पुस्तकांत. तो आधी एकाच जाडीत होता, नंतर त्यांनीच परत हातात घेऊन पाच जाड्यांमध्ये "बलू २" आणला. ह्या नावातल्या २ बद्दल थांबून सांगायला पाहिजे. फॉन्ट वेबसाइटवरून थेट येतो तेव्हा डिझायनरने एका अक्षराची रुंदी जरी बदलली तरी लोकांच्या पानांवर ओळी वेगळ्या ठिकाणी तुटायला लागतात, एखाद्याचं शीर्षक दोन ओळींचं तीन ओळींचं होतं, आणि त्याला पत्ताच नसतो की कशामुळे. म्हणून बदल मोठा असेल तर बरेच जण नवीन नाव देतात, जुना जुन्या जागी राहू देतात. छोटी दुरुस्ती असेल तर त्याच नावाखाली, फक्त व्हर्जनचा आकडा पुढे.

(भिंत. पिवळ्या चिठ्ठ्या.)

ही तिची भिंत. प्रत्येक चिठ्ठी म्हणजे कुणीतरी कळवलेली एक तक्रार. तिच्या फॉन्टच्या फायली गिटहबवर, म्हणजे अशा कामाच्या फायली ठेवायच्या वेबसाइटवर, उघड्या आहेत, लायसन्स ओपन फॉन्ट लायसन्स, म्हणजे कुणीही घ्या, वापरा, बदला, वाटा, फक्त नुसता फॉन्ट उचलून विकू नका. त्यामुळे तक्रारी पण सगळ्यांना दिसतात आणि तिची उत्तरं पण. पहिलं व्हर्जनही तिथेच आहे, त्यातल्या सगळ्या डागांसकट, तिने काढून टाकलेलं नाही.

चिठ्ठ्या वाचू. "महाराष्ट्र चा खालचा भाग कापला जातोय." ष्ट्र खाली लांब उतरतो, तिने ओळीची उंची कमी धरली होती. "ॲप मधला ॲ वेगळा दिसतो." हा ॲ म्हणजे युनिकोडमध्ये (कॉम्प्युटरसाठी प्रत्येक अक्षराला आकडा देणारी जगभरची यादी) २००८ साली आलेलं स्वतंत्र अक्षर, त्याच्या आधी लोक अ वर चंद्र चढवून टाइप करायचे आणि अजूनही बरेच जण करतात, काही ठिकाणी मग अ च्या शेजारी तुटक गोल उमटतो. आणि ही चिठ्ठी, हिच्यावर तीन वेळा अधोरेखित केलंय, "ल आणि श हिंदीसारखे का?"

ह्याच्यावर ती कॅमेऱ्याच्या मागे पाऊण तास बोलली. आपला ल पाकळीचा, आपला श देठाचा, शाळेत बाईंनी पाटीवर तसाच गिरवून घेतला. राज्य सरकारच्या २००९ च्या शासन निर्णयातल्या वर्णमालेतही ते तसेच आहेत. फॉन्टमध्ये दोन्ही रूपं ठेवता येतात, तिने पहिल्या दिवसापासून ठेवली होती. पण मराठी रूप कधी उमटतं, तर वेबसाइट बनवणाऱ्याने पानावर "ही भाषा मराठी आहे" एवढी खूण केली तरच. आणि मराठी वेबसाइटींवर ती खूण कितीतरी वेळा नसतेच, हिंदी लिहिलेलं असतं नाहीतर इंग्रजी! फॉन्ट बिचारा विचारतो कोणती भाषा, उत्तर येतं हिंदी, तो हिंदीचा ल देतो. शेवटी तिने काय केलं, दुसऱ्या व्हर्जनला मराठी ल आणि मराठी श हेच मूळ रूप केलं, हिंदीवाल्यांना हवं तर त्यांनी खूण करावी. मला हा निर्णय फार आवडला. कुणाला नाही आवडला, त्यांनीही लिहिलंय, त्या चिठ्ठ्याही भिंतीवर आहेत.

(प्रिंटर. मोठा कागद बाहेर येतो.)

दर दुरुस्तीनंतर हा कागद. ए-थ्री, वरून खाली तेच शब्द, आठ पॉइंटपासून बहात्तर पॉइंटपर्यंत. हातात भिंग. लाल पेन. कडेला बघा काय लिहितेय, "द्ध डोलतोय", "रु रू मध्ये फरक कमी", "क्ष पोट आत". हे तिचं रोजचं मराठी आहे. पहिल्या वर्षीचा असाच कागद तिने जपून ठेवलाय, दोन्ही शेजारी ठेवले. मी काही बोलत नाही, तुम्हीच बघा.

(दोन कागद शेजारी शेजारी. दहा सेकंद शांतता.)

मधे तिने नोकरी सोडली, पैशांची ओढाताण झाली, आता दुसरीकडे अर्धवेळ काम करते. जे जुनं व्हर्जन छापलं गेलं ते छापलं गेलं, लग्नपत्रिका आहेत, फ्लेक्स आहेत, ज्यांनी एकदा डाउनलोड केला त्यातल्या बऱ्याच जणांच्या मशीनवर अजून पहिलाच आहे.

(रात्र. टेबललॅम्प. की-बोर्डवर बोटं.)

ही शेवटच्या दिवसाची शूटिंग. नवीन व्हर्जन अपलोड होतंय. ळ ची पोटं मोकळी झाली, र्तीं चा अनुस्वार आपल्या जागी, ष्ट्र चे पाय ओळीत. बदलांची यादी ती स्वतः मराठीत लिहिते, आणि प्रत्येक ओळीपुढे कळवणाऱ्याचे आभार. आमच्या त्या लाल गोलवाल्या प्रेक्षकाचेही आहेत. तिने हात झटकले, चहा ओतला.

चहा संपायच्या आत नवीन चिठ्ठी आली. यवतमाळहून कुणीतरी लिहिलंय. फॉन्ट छान झालाय, दऱ्या मस्त उमटतं, दर्या पण वेगळं उमटतं, पण ताई, "वऱ्हाड" लिहून बघा, र ची ती आडवी रेघ ह ला चिकटतेय.

स्क्रीनवर वऱ्हाड. मोठा केला. अजून मोठा केला. चिकटतेय. ऱ्य ची जागा तिने नीट मोजली होती, ऱ्ह ला तीच जागा दिली होती, आणि ह डावीकडे ढेरी काढून बसलेला असतो.

कप बाजूला सरकवला. ट्रेसिंग पेपर घेतला. पेन्सिल.