आधी पाकिटाची पाठ बघा

श्रोतेहो, नमस्कार.

दुकानात पाकीट हातात घेतलं की आपण त्याचं तोंड बघतो. तोंडावर गुटगुटीत बाळ असतं, दुधाची धार असते, डोलणारं हिरवं शेत असतं. पाकीट उलटं करून वाचत बसणारं गिऱ्हाईक दुकानदाराला जरा चिकित्सक वाटतं आणि मागे उभी असलेली माणसं ‘आटपा हो’ म्हणतात. म्हणू देत. पाकिटाच्या तोंडावर काय छापायचं हे जाहिरातवाले ठरवतात, पाठीवर काय छापायचं हे बऱ्याच अंशी कायदा ठरवतो. घरातल्यांची तब्येत सांभाळायची असेल, घरातून निघणारा कचरा कमी करायचा असेल आणि खिशालाही फार तोशीस लागू द्यायची नसेल, तर सुरुवात या पाठीपासून करावी असं माझं मत आहे.

पाठीवर पहिल्यांदा बघायची ती घटक पदार्थांची यादी. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. जे सगळ्यात जास्त, ते पहिलं. ‘नाचणीची बिस्किटं’ म्हणून घेतलेल्या पुड्यावर पहिलं नाव अनेकदा मैद्याचं असतं, दुसरं साखर किंवा पाम तेलाचं, आणि नाचणी बिचारी पुढे कुठेतरी. ज्या पदार्थाचा तोंडावर डांगोरा पिटलाय त्याची टक्केवारी द्यावी लागते, म्हणून नाचणीच्या पुढे कंसात एक आकडा असतो. तो वाचा आणि मग पुड्यावरच्या नाचणीच्या कणसाचं चित्र परत बघा. साखरेचीही एक गंमत आहे. साखर, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप अशी वेगवेगळी नावं दिली की गोडवा तीन ठिकाणी वाटला जातो आणि यादीत प्रत्येक जण खाली सरकतो. माल्टोडेक्स्ट्रिन ही स्टार्चपासून केलेली पावडर तर साखरेच्या रकान्यात धरतच नाहीत. पण पोटात गेल्यावर तिचंही ग्लुकोजच होतं.

मुलांच्या दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरी घ्या. आपल्याकडे दोन पिढ्या या डब्यांवर वाढल्या. एप्रिल २०२३ मध्ये एका तरुणाने बोर्नव्हिटाच्या डब्याची पाठ मोबाइलवर वाचून दाखवली. कंपनीच्या वकिलाची नोटीस आली, त्याने व्हिडिओ काढून टाकला, पण तोवर तो घरोघरी पोचला होता. त्या वेळी १०० ग्रॅम पावडरीत वरून घातलेली साखर ३७.४ ग्रॅम होती. वर्षअखेरीला कंपनीने ती ३२.२ ग्रॅमवर आणली. २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन दुकानांना सांगितलं, की अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरात विकू नका, कारण अन्नसुरक्षा कायद्यात अशी काही वर्गवारीच नाही. म्हणजे इतकी वर्षं आपण जे आरोग्यपेय म्हणून आणत होतो, ते कायद्याच्या लेखी अस्तित्वातच नव्हतं.

साखर कमी झाली हे चांगलंच झालं. पण हिशेब करून बघा. एका कपाला २० ग्रॅम पावडर धरली तर आजही सहा ग्रॅमच्या वर साखर त्यातून जाते, आणि वर आपण दुधात आणखी एक चमचा टाकतो, कारण ‘त्याशिवाय पीतच नाही हो तो’. डब्यावरच्या तक्त्यात बहुतेक वेळा ‘दुधासोबत’ असा एक वेगळा रकाना असतो. त्यातलं कॅल्शियम नि प्रथिनं बरीचशी दुधाचीच असतात. दूध आपलं, नाव पावडरीचं! त्यापेक्षा नाचणीचं सत्त्व घरी करून ठेवावं. नाचणीत १०० ग्रॅमला ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. नाचणी भिजत घालायची, मोड आणायचे, सावलीत वाळवायची, मंद भाजून दळून आणायची आणि वस्त्रगाळ करायची. वेळ लागतो, हे खरं आहे. नोकरी करणाऱ्या आईबापांना ते नेहमी जमणार नाही, हेही खरं आहे. तेव्हा साधं दूध द्यावं. साध्या दुधाला काय झालंय?

आता जरा गंभीर गोष्ट. जुलाब लागलेल्या मुलाला आपण जलसंजीवनी, म्हणजेच ओआरएस, देतो. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली. सलाइनच्या बाटल्या पुरेनात. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचं पाणी पिंपांमध्ये भरून रुग्णांना पाजायला लावलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. यामागचं शास्त्र सोपं आहे. साखर आणि मीठ ठरावीक प्रमाणात असलं की आतडं दोन्ही बरोबरच आत ओढून घेतं आणि पाणी त्यांच्यामागोमाग शरीरात जातं. आज जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाण असं आहे: एक लिटर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, शिवाय पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. या प्रमाणाला हात लावायचा नाही. साखर जास्त झाली तर ती पाणी शरीरात नेण्याऐवजी उलट आतड्यात ओढून आणते आणि जुलाब वाढतात.

एवढं सगळं माहीत असूनही आपल्या मेडिकलच्या दुकानांत वर्षानुवर्षं रंगीत खोक्यांतली फळांच्या चवीची पेयं ‘ओआरएस’ ही अक्षरं मिरवत विकली गेली. साखर प्रमाणाच्या कित्येक पट. २०२२ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्यांना एका अटीवर मुभाही दिली. ‘हे जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार नाही’ अशी सूचना खोक्यावर छापायची, की झालं. रात्री दोन वाजता तापलेलं, मलूल पोर खांद्यावर घेऊन दुकानाच्या खिडकीशी उभा असलेला बाप ती सूचना वाचणार आहे का? हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष या प्रकाराविरुद्ध आठेक वर्षं लढत होत्या. शेवटी ऑक्टोबर २०२५ मध्ये प्राधिकरणाने ती मुभा काढून घेतली. काही कंपन्या लगेच कोर्टात गेल्या, ते अपेक्षितच होतं.

तुम्ही एवढंच करा. पुडी घेताना ‘डब्ल्यूएचओ फॉर्म्युला’ लिहिलंय का ते बघा आणि पूर्ण पुडी सांगितलेल्या मापाच्या पाण्यातच घाला, पेल्या-पेल्याने अंदाजपंचे नको. प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि आशाताईंकडे ती फुकट मिळते. अडीअडचणीला एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मूल मलूल झालं, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, तर घरगुती उपाय बाजूला ठेवून तडक दवाखाना गाठा.

मी कंपन्यांच्या नावाने खडे फोडते आहे असं वाटत असेल तर थोडं थांबा. सीलबंद मालावर लोकांचा विश्वास बसला त्याला कारणंही होती. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचं तेल मिसळलं गेलं आणि कितीतरी माणसं दगावली. हळदीत रंग, मिरचीपुडीत भुसा, तुरीच्या डाळीत लाखेची डाळ, हे सगळं आपण भोगलेलं आहे. सुटं ते शुद्ध, असं म्हणायची माझी अजिबात तयारी नाही. पण सील म्हणजे माल भेसळीपासून वाचला एवढंच. आत मुळात जे भरलंय ते चांगलं आहे, याची हमी सील देत नाही. १९३७ पासून डालडा सीलबंदच येत होता. त्याच्या डब्यात आपण पुढे तुळस लावली, पण आतल्या वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटला, म्हणजे हृदयाला घातक अशा चरबीला, दोन टक्क्यांची मर्यादा पडायला २०२२ साल उजाडलं.

साबणाचं थोडक्यात सांगते. अंघोळीच्या वडीच्या वेष्टनावर ‘टीएफएम’ असं लिहून पुढे टक्के दिलेले असतात. वडीत खरा साबण किती, याचं ते माप. ७६ टक्के किंवा वर असेल तर पहिल्या प्रतीचा ‘टॉयलेट सोप’. ‘बेदिंग बार’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वडीला ४० टक्केही पुरतात. सिनेमातली बाई जिच्या जाहिरातीत फेसात डुंबते ती वडी यातली कोणती, ते स्वतः उलटून बघा.

आणि आता आपल्या माणसांविषयी. म्हणजे ज्यांना मोठ्या कंपन्यांचा उबग आला आहे, जे ‘सगळं नैसर्गिक’ वापरायला लागले आहेत, त्यांच्याविषयी. बाजाराने आपल्यालाही बरोबर हेरलं आहे. वेष्टनाचा रंग खाकी केला, वर एक पान काढलं, की तीच वस्तू दुप्पट भावाने खपते. २०२० च्या डिसेंबरमध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने १३ ब्रँडचा मध परदेशी प्रयोगशाळेत कसून तपासून घेतला. त्यातले १० नापास झाले, आणि त्यात आयुर्वेदाचं नाव घेणारेही होते. कंपन्यांनी हे निष्कर्ष नाकारले, हेही सांगायला हवं. औषधांच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल २०२४ मध्ये पतंजलीला सर्वोच्च न्यायालयापुढे माफी मागावी लागली. डास पळवणाऱ्या ‘हर्बल’ अगरबत्त्यांचं तसंच. कीटकनाशक असलेल्या अशा मालावर सरकारी नोंदणी क्रमांक लागतो. तो नसेल तर कडुनिंबाचं चित्र बघून भुलू नका आणि बंद खोलीत मुलांच्या उशाशी तर ती मुळीच लावू नका. मच्छरदाणी बांधा. तिला ना धूर ना वास, आणि एकदा घेतली की पुष्कळ वर्षं टिकते.

पर्यावरणाच्या नावाने वाटेल ते दावे करणाऱ्यांसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये नियमावली काढली. ‘इको-फ्रेंडली’, ‘ग्रीन’ असं लिहायचं तर पुरावा द्या, असं तिचं म्हणणं. अंमल किती होईल ते दिसेलच.

मला विचाराल तर, हिरवं घर म्हणजे हिरव्या वस्तूंनी भरलेलं घर, ही समजूतच या बाजाराने आपल्या डोक्यात भरवली आहे. भंगारवाला काय घेतो नि काय घेत नाही ते आठवा. रद्दी घेतो, पत्रा घेतो, जाड प्लास्टिकच्या बाटल्या घेतो. वेफर्सचं चकचकीत पाकीट आणि शाम्पूची पुडी तो घेत नाही, कारण प्लास्टिक नि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले, ते सोडवायचे कोणी? तुमच्या घरातून आठवड्याला अशी किती पाकिटं बाहेर पडतात, ते एकदा वेगळ्या पिशवीत साठवून बघा. कमी करायला कोणतीही नवी वस्तू विकत आणावी लागत नाही. गहू-ज्वारी गिरणीतून दळून आणायची, डाळ-तांदूळ महिन्याचे एकदम भरायचे, भांड्यांना काथ्या, अंगाला वाळलेल्या घोसाळ्याचं जाळं, तांब्या-पितळेला चिंच, रेशमी साडीला रिठ्याचं पाणी. रिठा डोळ्यांत गेला तर चांगलाच झोंबतो बरं का, लहान मुलांच्या डोक्याला लावताना जपून.

एकट्याने करायचा कंटाळा येतो, म्हणून चारचौघांत करावं. आपल्या महाराष्ट्रात याची वाट फार पूर्वी घातली गेली आहे. १९७५ च्या गुढीपाडव्याला बिंदुमाधव जोशी, सुधीर फडके आदी मंडळींनी मुंबई ग्राहक पंचायत सुरू केली. शेजारपाजारच्या कुटुंबांनी मिळून एक संघ करायचा, महिन्याची मागणी एकत्र द्यायची, माल थेट घाऊक दरात एका सदस्याच्या घरी उतरायचा आणि सगळ्यांनी जमून तो वाटून घ्यायचा. जाहिरातीतल्या बाईचं मानधन अशा मालाच्या किमतीत नसतं. कित्येक गृहिणी या वाटपातूनच हिशेब ठेवायला आणि मालाची पारख करायला शिकल्या. तुमच्या सोसायटीत, वाडीत पाच-सहा घरं तयार झाली तरी तांदळाची पोती आणि लाकडी घाण्याच्या तेलाचा डबा असा वाटून घेता येतो.

जाता जाता तक्रारीचं. माल खराब निघाला, वजन कमी भरलं, दावा खोटा वाटला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक लावा. खाण्याच्या वस्तूची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडेही करता येते. बिल जपून ठेवा. पाकिटावरचा बॅच नंबर, तारीख आणि अन्नसुरक्षेचा चौदा आकडी परवाना क्रमांक यांचे फोटो काढा. आणि शक्य झालं तर त्याच दुकानातून त्याच बॅचचं एक सीलबंद पाकीट विकत घेऊन तसंच ठेवा, कारण उघडलेल्या पाकिटावर ‘तुमच्याच घरी काहीतरी झालं असेल’ म्हणायला कंपनी मोकळी असते.

नमस्कार.