चर्चगेटला ना चर्च, ना गेट

कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या भाषणाचा विषय छापलाय, ‘अनोळखी महानगर खासगी गाइड घेऊन पायी कसं पाहावं’. त्या विषयाकडे मी येणार आहे, काळजी नको. पण समोर छत्रपती संभाजीनगरची मंडळी बसलेली असताना दरवाज्यांबद्दल बोलायचं नाही म्हणजे लग्नाला जाऊन न जेवता परतण्यासारखं झालं. तुमचं भडकल गेट १६१२चं, मलिक अंबरनं बांधलेलं. तुम्ही कुणाला ‘पैठण गेटला भेटू’ म्हणता तेव्हा तिथे खरोखर एक दरवाजा उभा असतो. मग हीच मंडळी मंत्रालयात फाइल हलवायला मुंबईला जातात, काम अर्थातच होत नाही, आणि संध्याकाळी चर्चगेट स्टेशनसमोर उभं राहून एकदा तरी मनाशी विचारतात: अरे, चर्च कुठाय? आणि गेट कुठाय?

दोन्ही आहेत. म्हणजे एक आहे, एक होतं. चर्च म्हणजे सेंट थॉमस, १७१८ साली उघडलेलं, आजच्या हॉर्निमन सर्कलच्या कडेला. त्या चर्चकडे जाणाऱ्या रस्त्यावर कोटाचा जो पश्चिमेचा दरवाजा होता, तो चर्चगेट. साधारण आज फ्लोरा फाउंटन आहे तिथे. स्टेशन पुढं दरवाज्याबाहेर झालं आणि त्यानं दरवाज्याचं नाव उचललं. स्टेशनपासून फाउंटनपर्यंत रमतगमत दहा-बारा मिनिटं लागतात. एवढ्या अंतरात सगळ्या शहराचा खुलासा आहे, आणि निम्मे गाइड तिथून बोलत बोलत पुढं निघून जातात.

मुंबईच्या कोटाला तीन मुख्य दरवाजे. दक्षिणेला अपोलो गेट, पश्चिमेला चर्चगेट, उत्तरेला बझार गेट. फोर्टला जुनी मराठी माणसं ‘कोट’च म्हणत, ते उगाच नाही. १८६०च्या दशकात, बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना, हा कोट पाडला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालू होती, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. तो पैसा आणि ती माणसं भिंतीच्या आत मावेनात. भिंत गेली, १८६४ साली दरवाज्याच्या जागी कारंजं आलं, आणि पुढं त्याच चौकात संयुक्त महाराष्ट्राच्या १०६ हुतात्म्यांचं स्मारक उभं राहिलं. एका चौकात तीन काळ, आणि आपण तिथे टॅक्सी शोधतो.

आता माझं लाडकं म्हणणं एकदा सांगून टाकतो. परक्या शहरात पहिल्या दिवशी इमारती बघू नका, वेस बघा. गावाची वेस जशी, तशी शहराची. उभी असेल तर सोपं, पाडलेली असेल तर गाइडला तिच्या रेषेवरून चालवायला लावा. मुंबईत ही रेषा अजून सापडते. सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या बाजूला, सीएसएमटीच्या पूर्वेला, १७६९च्या फोर्ट जॉर्जचा तुकडा शिल्लक आहे. काळा घोड्यापाशी एक रस्ता आहे, त्याची पाटी के. दुभाष मार्ग म्हणते, पण जुनं नाव रॅम्पार्ट रो, म्हणजे तटाची गल्ली. मधे बझारगेट स्ट्रीट आहेच. भिंत गेली, तिची नावं पाट्यांवर राहिली.

भिंतीबाहेरची मैदानंही तिचीच. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल, कूपरेज ही ओळीनं पश्चिमेला का आहेत? मुंबईसारख्या, पाय ठेवायला जागा नसलेल्या शहरात एवढी मोकळी जमीन कुणी प्रेमानं ठेवली असेल असं वाटतं का तुम्हाला? ती तोफांसाठी ठेवली होती. तटावरून समोर येणारा शत्रू दिसला पाहिजे, त्याला आडोसा मिळता कामा नये, म्हणून तिथे बांधायला बंदी. तेच एस्प्लनेड, आणि ही मैदानं म्हणजे त्याचे तुकडे. कोट गेल्यावर कडेनं इमारती आल्या. ओव्हलच्या पूर्वेला विद्यापीठ आणि उच्च न्यायालय, १८७०च्या दशकातली, टोकदार कमानींच्या गॉथिक शैलीतली, तोंडं पश्चिमेला, कारण तेव्हा पलीकडं समुद्र होता. पुढं भराव पडला, समुद्र मागं सरला आणि १९३०नंतर तिथं आर्ट डेको या तेव्हाच्या नव्या शैलीतल्या इमारती उभ्या राहिल्या. मधे मैदान, दोन्हीकडं दोन शतकं एकमेकांकडं बघत उभी. २०१८ साली हा सगळा संच जागतिक वारसा यादीत गेला. क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना त्याचं काही सोयरसुतक नाही, आणि तेच बरं आहे.

आता माझी तक्रार. ऐकून घ्या, कारण तुम्ही गेटवेला गेलात की ही गोष्ट तुमच्या कानावर पडणारच. गाइड ताज हॉटेलकडं बोट दाखवतो, आवाज खाली आणतो आणि म्हणतो: ‘साहेब, हे हॉटेल उलटं बांधलंय. नकाशा उलटा धरला. आर्किटेक्ट विलायतेहून आला, बघितलं, आणि त्यानं वरून उडी मारली.’ ऐकणाऱ्यांचा श्वास अडकतो, फोटो निघतात, बक्षिशी वाढते.

ही गोष्ट तीन ठिकाणी फुटते. एक, हॉटेल उघडलं डिसेंबर १९०३ मध्ये आणि गेटवे पुरं झालं १९२४ साली. ज्या कमानीकडं तोंड करायचं ती २१ वर्षं जन्मालाच यायची होती. दोन, मूळ प्रवेश शहराच्या बाजूनं होता. पाहुणा बग्गीतून शहराकडून येणार, आणि समुद्राचा वारा मिळायला हवा खोल्यांना, घोड्यांना नव्हे. उलटं काही नव्हतं, पुढं प्रवेश या बाजूला आला आणि मागचा भाग पुढचा वाटू लागला. तीन, आणि मराठी माणसाला हे तरी खटकायला हवं, मूळ आराखड्यात सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा ही नावं आहेत. वैद्य काम पुरं होण्याआधी वारले आणि ते डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी पूर्ण केलं. उडी मारणारा साहेब या कथेत बसवला की आपला वैद्य आपोआप बाहेर पडतो.

बरं, हीच उडी ग्लासगोतही मारलेली आहे! तिथलं केल्विनग्रोव्ह म्युझियम १९०१ साली उघडलं. तेही म्हणे उलटं बांधलं, त्याच्याही आर्किटेक्टनं मनोऱ्यावरून जीव दिला. तेही खोटंच. मेलबर्नमध्ये तर सांगतात की फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशन आणि आपलं व्हीटी, म्हणजे आजचं सीएसएमटी, यांचे नकाशे टपालात बदलले गेले. आपलं स्टेशन एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचं, काम १८७८ ते १८८८. मेलबर्नच्या स्टेशनाची स्पर्धाच १८९९ची, इमारत १९१०ची. एकवीस वर्षं टपालात अडकलेला नकाशा! आपल्या टपालखात्यावर इतका अविश्वास बरा नव्हे.

यातली हत्यारं दोनच, आणि ती तुमच्या खिशात मावतात. कुठल्याही गोष्टीला आधी सालं लावून बघायची. मग दिसतं ते वेगळं आणि सांगतात ते वेगळं ठेवायचं. उच्च न्यायालयाच्या कोरीवकामात एका डोळ्याला पट्टी बांधलेलं माकड न्यायाधीश होऊन बसलंय, तराजू कलता. हे दिसतं. खटला हरलेल्या कंत्राटदारानं सूड म्हणून ते कोरून घेतलं, हे सांगतात. चांगला गाइड दोन्ही सांगतो आणि मधे ‘म्हणे’ घालतो. त्या एका ‘म्हणे’ला मी पैसे देतो.

चिठ्ठी आली आहे. बारा मिनिटं उरलीत. म्हणजे पत्रिकेवरचा विषय आता सुरू होतोय.

मार्ग असा धरा: सेंट जॉर्जकडचा तट, बझारगेट स्ट्रीट, हॉर्निमन सर्कल, सेंट थॉमस, टाउन हॉल (म्हणजे एशियाटिक लायब्ररीची इमारत), हुतात्मा चौक, काळा घोडा, ओव्हल, चर्चगेट स्टेशन. साधारण सव्वातीन किलोमीटर. ताशी तीन किलोमीटरनं निव्वळ चालणं पासष्ट मिनिटांचं. थांबे बारा, प्रत्येकी सात मिनिटं, म्हणजे चौऱ्याऐंशी. चहाची वीस धरा. जवळपास तीन तास होतात. यात ‘जाता जाता गेटवे पण’ घातलं की सगळं कोसळतं. शेवटचे चार थांबे कुणी ऐकत नाही, फक्त बसायला जागा शोधतात. थांबे कापा, वेळ वाढवू नका.

सुरुवात सकाळी साडेसहाला. साडेनऊनंतर सीएसएमटी आणि चर्चगेट दोन्हीकडून माणसांचा लोंढा येतो आणि फुटपाथवर उभं राहून बोलणं संपतं. रविवारी रस्ते मोकळे, पण कचेऱ्यांची दारं बंद. आत जायचं असेल तर आठवड्यातला दिवस घ्या आणि कुठली जागा किती वाजता उघडते ते आदल्या दिवशी विचारा. एक गोम लक्षात ठेवा: टाउन हॉल, विद्यापीठ, न्यायालय यांची तोंडं पश्चिमेला आहेत, त्यामुळे सकाळी दर्शनी बाजू सावलीत. बघायला उत्तम, फोटोला वाईट. फोटोसाठी दुपारी चारनंतर एकटे परत या. विद्यापीठाचा राजाबाई टॉवर ८५ मीटर उंच आहे, त्यावर पश्चिम भारतातल्या जातीजमातींचे २४ पुतळे आहेत. साध्या डोळ्यांना ते ठिपके दिसतात, म्हणून एक छोटी दुर्बीण चौघांत पुरेशी. नौदल गोदीच्या दारापाशी आणि न्यायालयात कॅमेरा खाली. रुग्णालयाच्या आवारात तर तो पिशवीतच.

माणसं चार, फार तर सहा. त्याहून जास्त झाली की रहदारीत मागच्याला ऐकू येत नाही, तो ‘काय म्हणाले?’ विचारतो, आणि सांगणारा दुसरंच सांगतो. ताजची गोष्ट अशीच वाढली असणार. थांबताना ऊन तुमच्या पाठीवर आणि गाइडच्या तोंडावर. तो आपणहून असा उभा राहिला तर समजा, माणूस कसलेला आहे. पाणी माणशी एक लिटर, आणि निघण्याआधी स्टेशनवरच स्वच्छतागृह उरका, कारण मधल्या पट्ट्यात पंचाईत होते. गुडघे दुखणाऱ्यांनी टाउन हॉलच्या तीस पायऱ्या खालून बघितल्या तरी चालतील. जून ते सप्टेंबर गुळगुळीत तळव्याचे बूट नकोत. पाऊस कोसळला तर दादाभाई नौरोजी रोडच्या कमानींखालून चाला. तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानी सोडायच्या, असा तिथे बांधकामाचा नियमच होता. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या लोकांना पाऊस पडतो हे ठाऊक होतं.

गाइड ठरवताना फोनवर पाच गोष्टी. भाडं माणशी की अख्ख्या गटाचं. मराठीत बोलणार का. शेवट कुठं होणार. तिकिटं आणि चहा कुणाचा. आणि स्पष्ट शब्दांत: वाटेत कुठल्याही दुकानात नेणार नाही ना? गालिचे आणि शालींच्या दुकानात नेलं की गाइडला कमिशन मिळतं आणि तुमची चाळीस मिनिटं जातात. ओळखपत्र मागायला लाजू नका, पर्यटन खात्याचा परवाना असलेला गाइड ते गळ्यात घालूनच फिरतो. सहावा प्रश्न परीक्षेचा. सहज विचारा, ‘ताज उलटं बांधलंय म्हणे?’ ‘हो हो, आर्किटेक्टनं उडी मारली’ आलं तर फोन ठेवा. ‘असं सांगतात खरं, पण...’ आलं तर लगेच पैसे पाठवा.

गाइड पहिल्या दिवशी घ्यायचा, शेवटच्या नव्हे. तो दुसऱ्या दिवशी नको व्हावा, यासाठीच त्याला पैसे द्यायचे. अर्ध्या वाटेवर, म्हणजे हुतात्मा चौकात, त्याला मागं चालायला सांगा आणि पुढचा रस्ता तुम्ही काढा. चुकलात तर तो आहेच. चौकट डोक्यात ठेवा: उत्तरेला सीएसएमटी, पूर्वेला गोदी, पश्चिमेला मैदानं, दक्षिणेला गेटवे. नावांचा घोळ मात्र होणारच. फोनवरचा नकाशा हुतात्मा चौक म्हणतो, टॅक्सीवाला फ्लोरा म्हणतो. रस्ता विचारताना जुनं नाव, पाटी वाचताना नवं, म्हणून दोन्ही वहीत शेजारी शेजारी लिहा. रात्री मुक्कामावर नकाशा न बघता ती वेस कागदावर काढा. जिथं रेघ अडेल तिथं सकाळी आधी जा, आणि अख्खा मार्ग उलटा चाला, चर्चगेटकडून सेंट जॉर्जकडं. उलट चालताना डाव्या हाताचं उजव्या हाताला येतं आणि आदल्या दिवशी कुठं नुसती मान डोलावली होती ते कळतं.

दुसरी चिठ्ठी आली. प्रश्न कागदावर लिहून द्या, जमेल तेवढ्यांची उत्तरं खाली चहाच्या टेबलापाशी देतो. ताजचा सोडून.