जिवाला थारा नाही

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय: 'मनाच्या दुखण्याचे इंग्रजी शब्द आणि त्यांची लिथुआनियन भाषांतरं'. हे वाचूनसुद्धा तुम्ही इतके जण आलात, याचं मला फार अप्रूप वाटतंय. गेली कितीतरी वर्षं हे कुणाला तरी नीट सांगावं असं मनात होतं.

इंग्लंडच्या पूर्वेला लिंकनशर परगण्यात बोस्टन नावाचं गाव आहे. अमेरिकेतल्या बोस्टनला नाव मिळालं ते याच गावावरून. सपाट काळी जमीन, कोबी, फ्लॉवर, बटाटा. वारा असा की छत्री उघडायची सोय नाही. मी तिथे मानसिक आजारांच्या विभागात नर्स होते. १ मे २००४ ला लिथुआनिया युरोपीय संघात आला आणि ब्रिटनने पहिल्याच दिवशी त्यांना कामाची दारं उघडली. बघता बघता आमच्या शेतांत आणि भाजी पॅकिंगच्या शेडमध्ये लिथुआनियन माणसं दिसायला लागली. मग दवाखान्यातही दिसायला लागली, कारण घर सोडून आलेल्या माणसाचं मन कुठे ना कुठे दुखतंच.

तेव्हा मी एक शंभरपानी वही घातली. डाव्या पानावर इंग्रजी शब्द, उजव्यावर लिथुआनियन. मधल्या फटीत पेन्सिलीने मराठी, ते माझं मलाच कळावं म्हणून.

आता एक प्रसंग सांगते. जरा लांबेल, पण आजचं सगळं त्यातच आहे.

चाळिशीची बाई, रात्रपाळीला कोबी पॅक करणारी. तीन आठवडे झोप नाही. दुभाषी फोनवर, म्हणजे टेबलावर स्पीकर आणि त्यातून येणारा आवाज. डॉक्टरांनी विचारलं, कसं वाटतंय? ती म्हणाली, "नेरांदू साऊ विएतोस." स्पीकरमधून इंग्रजी आलं: ती म्हणते, मला स्वतःसाठी जागा सापडत नाही. डॉक्टरांनी मान हलवली, नोंद केली 'राहण्याच्या जागेची अडचण', आणि तिच्या हातात नगरपालिकेच्या घरांचा अर्ज दिला. बाईंनी तो अर्ज उलटा केला, सुलटा केला. मग त्याचा कोपरा दुमडायला लागल्या. दुमडायचा, उलगडायचा, पुन्हा दुमडायचा. त्या कोपऱ्याचा पार कापूस झाला, तरी हात थांबेना.

मी दुभाष्याला म्हटलं, विचारा, घर आहे का? आहे. बहिणीबरोबर राहते, खोली चांगली आहे. मग सापडत नाही ती कुठली जागा? आणि एकदम माझ्या कानात माझी आजी बोलली. माझे काका मुंबईच्या संपात घरी बसले होते, तेव्हा ती दिवसभर ओसरीवर येरझाऱ्या घालायची आणि म्हणायची, "बाई गं, जिवाला थारा नाही." थारा म्हणजे काय? जागाच ना! आपण थारा मागतो, थारा देतो, मन थाऱ्यावर नाही म्हणतो. त्या बाईंनी हेच सांगितलं होतं, शब्दाला शब्द. लिथुआनियनमध्ये काळजीने सैरभैर झालेला माणूस असंच म्हणतो. मी विचारलं, हे अंगात कुठे जाणवतं? तिने गळ्याखाली हात ठेवला. मग बोलली. मुलगा तिकडे, आजीपाशी. दोन महिने तो फोनवर येत नव्हता.

माझी तक्रार त्या डॉक्टरांबद्दल नाही. सात मिनिटांत त्यांनी जे ऐकलं, ते लिहिलं. माझी तक्रार त्यानंतरच्या उत्तराबद्दल आहे. मी वरिष्ठांना तीनदा लिहिलं, आणि तिन्ही वेळा उत्तर आलं की भाषांतर तपासलं, ते शब्दशः बरोबर आहे. होतंच बरोबर! शब्द सगळे पोचले आणि बाई तिथेच राहिली, हातात अर्ज घेऊन. याचा मला आजही राग येतो.

हा थारा दोन्हीकडे कसा, असं तुमच्या मनात आलं असेल. ही म्हण तशीच्या तशी वारशाने आली असा माझा दावा नाही. रशियन माणूसही असंच म्हणतो. पण लिथुआनियन आणि संस्कृत यांचं नातं खरंच जवळचं आहे. आजच्या बोलत्या युरोपीय भाषांत लिथुआनियनने जुनं फार जपलंय. सूनु म्हणजे मुलगा, तिकडे 'सूनुस'. धूम म्हणजे धूर, तिकडे 'दूमाय'. त्यांची एक म्हण ऐका: "दिएवस दावे दांतिस, दिएवस दुओस दुओनोस." देवाने दात दिले, देव भाकरीही देईल. दिएवस म्हणजे देव, दांतिस म्हणजे दात, सांगावं लागलं का? आणि आपण काय म्हणतो? चोच दिली तो चाराही देईल. (श्रोत्यांतून: दात आहेत तर चणे नाहीत!) हो, तेही आहेच, आणि रात्रपाळी करणाऱ्यांना तेच जास्त पटेल.

आणि या भाषेच्या लोकांनी ती सांभाळली कशी! १८६४ ते १९०४, चाळीस वर्षं झारच्या राज्यात रोमन लिपीतली लिथुआनियन पुस्तकं छापायला बंदी होती. लोक प्रशियात छापून पोत्यांतून, गवताच्या गाड्यांतून सीमेपलीकडे न्यायचे. त्या माणसांना 'क्निगनेशिस' म्हणतात, पुस्तक वाहणारा. यावर मी तासभर बोलेन. पण घड्याळ दिसतंय.

माझा सगळ्यात लाडका शब्द 'नेरिमास'. इंग्रजीत अँग्झायटी. 'ने' म्हणजे नाही, आणि पुढचा धातू 'रिम्ती', म्हणजे शांत होणे. त्यातूनच 'रमुस', म्हणजे शांत माणूस. आता संस्कृतातला रम् धातू आठवा. मूळ अर्थ थांबणे, विसावणे. विराम त्यातलाच. आपण म्हणतो, मन रमत नाही. नेरिमास म्हणजे तेच, न रमणं! पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा मी एकटीच स्वयंपाकघरात उभी होते आणि मोठ्याने हसले.

इंग्रजी शब्द मात्र गळा धरतो. अँग्झायटीच्या मुळाशी लॅटिन 'अंगेरे' आहे, आवळणे, घुसमटवणे. ऋग्वेदातला 'अंहस्', अडचण, संकट, हा त्याचाच भाऊबंद. आणि लिथुआनियन 'आंक्श्तस' म्हणजे अरुंद, चिंचोळा. रोजच्या वापरातला 'वरी' घ्या, म्हणजे काळजी करणे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ गळा आवळणे. आमच्याकडे शेतांच्या फाटकांवर पाट्या असतात, मेंढ्यांना 'वरी' करणाऱ्या कुत्र्याला गोळी घातली जाईल. १९५३ च्या कायद्यातही हाच शब्द आहे. कुत्रा मेंढीची काळजी करत नाही, तिचा गळा धरतो. माझ्या बाईंचा हात कुठे गेला होता, आठवतंय ना?

चिठ्ठी आलीये, दहा मिनिटं. आणि मी कबूल केलेला मुद्दा अजून राहिलाच आहे. तो असा, की मनाच्या आजारांच्या प्रश्नावल्या दुसऱ्या भाषेत कशा न्यायच्या. भराभर सांगते.

नैराश्य तपासायची एक नऊ प्रश्नांची यादी जगभर वापरतात. मागच्या दोन आठवड्यांत किती वेळा असं वाटलं, प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण, जास्तीत जास्त २७. त्यात विचारतात, 'डाउन', म्हणजे उदास, वाटतं का? घाईतल्या दुभाष्याने याचं 'खाली पडल्यासारखं वाटतं का' असं केलेलं मी ऐकलंय. रुग्ण म्हणाला नाही, गुण शून्य. इंग्रजीत उदास माणूस स्वतःला 'ब्लू' म्हणतो, तो शब्दशः नेला तर निळा रंग उरतो. त्याच रंगावरून आलेल्या लिथुआनियन शब्दाचा अर्थ काळंनिळं पडणं किंवा रानातलं निळं फळ. नववा प्रश्न सगळ्यात नाजूक, स्वतःला इजा करण्याचा. त्याला 'सुसिझेइस्ती' वापरलं तर अर्थ होतो इजा होणे, चुकूनसुद्धा. पॅकिंगमधला माणूस बोट दाखवतो, हो, सुरी लागली. तिथे 'झालोती सावे' म्हणावं लागतं, म्हणजे मुद्दाम स्वतःला दुखवणे. भिडस्तपणे आडवळणाचा शब्द वापरू नये. सरळ विचारल्याने कुणाच्या डोक्यात नवा विचार शिरत नाही. उलट कुणीतरी एकदाचं विचारलं म्हणून माणूस रडतो आणि बोलतो.

अजून एक बारीक गोष्ट. लिथुआनियनमध्ये 'नेगालियू' म्हणजे मला जमत नाही. मध्ये एक 'बे' घातला की 'नेबेगालियू', आता जमत नाही, आतापर्यंत जमत होतं. फोनवर दोन्हींचं इंग्रजी एकच येतं. आपल्या 'नाही होत' आणि 'आता नाही होत' यांत जेवढं अंतर आहे ना, तेवढं त्या एका 'बे'त आहे. तो ऐकला की मी खुर्ची जवळ ओढायची.

पद्धत सगळ्यांना माहीत आहे: एकाने भाषांतर करायचं, दुसऱ्याने मूळ न बघता परत इंग्रजीत आणायचं, मग ताडून पाहायचं. चांगली पद्धत आहे. पण 'जागा सापडत नाही' हे वाक्य त्या चाळणीतून बिनबोभाट पार होतं. म्हणून त्याआधी मला एक प्रश्न हवा, तुमच्या घरी याला काय म्हणतात? आणि दुभाष्याला मुभा हवी की थांबा, ही म्हण आहे, एवढं तरी सांगता यावं. आमच्याकडे त्याला बोलायची बंदी होती, आलं ते पुढे द्यायचं, बस्स.

दुसरी चिठ्ठी. हो, थांबते. एवढंच, की त्या बाई दीड महिन्याने परत आल्या. मुलगा फोनवर यायला लागला होता, सुट्टीत येणार होता. दुभाष्याचा फोन लागत नव्हता, म्हणून मीच वही उघडली आणि माझ्या मोडक्यातोडक्या उच्चारात विचारलं, नेरिमास? त्यांनी हात गळ्याकडे नेला, मग खाली घेतला. "पो त्रुपूती रिम्स्ता," म्हणाल्या. हळूहळू निवतंय. वहीच्या मधल्या फटीत मी त्या दिवशी पेन्सिलीने लिहिलं, रमतंय.